उसवले तेवढेच शिवावे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला जिने बोलायचे तिने एखादा मंगल, निदान उपयुक्त विषय घ्यावा, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. लोणच्यापासून ज्ञानेश्वरीपर्यंत सारे विषय या व्यासपीठावर होऊन गेले आहेत. कार्यवाहबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी "माझा चेहरा" असे सांगितले. त्यांना वाटले, मी थट्टाच करते आहे. मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी वहीत "आरोग्य" एवढेच लिहून घेतले. तेही काही खोटे नाही.

तुमच्यापैकी काहीजणींना ठाऊक आहे आणि बाकीच्यांनी तर्क केलेलाच आहे, की २०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी चेहऱ्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. जिला फेसलिफ्ट म्हणतात ती. ती बिघडली, आणि पुढचे सव्वा वर्ष ते बिघडलेले निस्तरण्यात गेले. मागल्या महिन्यात आपल्यातल्याच एका भगिनींनी मला जिन्यात गाठले आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, "तुम्ही केलंत ते कुठं केलंत हो? आणि आता काय वाटतं?" त्यांना मी तेव्हा जे धड सांगू शकले नाही, ते आज मोठ्या आवाजात सांगते. कारण हा विषय हलक्या आवाजात बोलण्यामुळेच माझे निम्मे नुकसान झाले.

मला ही बुद्धी का झाली, ते आधी सांगितले पाहिजे. छत्तीस वर्षे मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवले. वेणीफणीपुरता आरसा पाहायचा, यापलीकडे माझा आणि आरशाचा फारसा संबंध नव्हता. पण २०२० साली करोनाची साथ आली, आपले वाचनमंडळ फोनच्या पडद्यावर भरू लागले, आणि त्या चौकटींत इतर अकराजणींच्या शेजारी बारावी मीच मला रोज तासभर दिसू लागले. आदल्या वर्षी पित्ताशयाच्या दुखण्यात माझे वजन अकरा किलोंनी उतरले होते. शरीर सावरले, पण गालांची कातडी हनुवटीच्या दोन्ही अंगांना रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. भाजीवालीपासून बँकेतल्या मुलीपर्यंत जो तो विचारी, "बाई, बरं नाही का?" मला काही दुखतखुपत नव्हते. पण दिवसातून चारदा तसे विचारले म्हणजे धडधाकट माणसालाही आजारी वाटू लागते.

तेव्हा हे नुसते नटणेमुरडणे होते असे कोणी म्हणू नये, आणि असले तरी त्यात लाजण्यासारखे काय आहे, असे आता मला वाटते. ही शस्त्रक्रिया काही आजची नाही. १९०१ साली बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर नावाच्या शल्यविशारदाने एका पोलिश सरदारघराण्यातील बाईच्या आग्रहावरून ती केली, असे सांगतात. फ्रान्समध्ये सुझान नोएल या स्त्री-डॉक्टरने ती पुढे नेली. पहिल्या महायुद्धात चेहरे विद्रूप झालेल्या सैनिकांवर या बाईंनी उपचार केले. वय दिसू लागले म्हणून ज्यांची नोकरी जाण्याची भीती होती, अशा पोट भरणाऱ्या बायकांवरही त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि या विद्येच्या सामाजिक बाजूवर १९२६ साली ग्रंथ लिहिला. त्यांनीच १९२४ मध्ये पॅरिसला सोरॉप्टिमिस्ट या स्त्री-संघटनेची शाखा काढली. म्हणजे त्याही एका परीने आपल्यासारख्या मंडळवाल्याच! प्लॅस्टिक सर्जरीतले प्लॅस्टिक म्हणजे बादलीचे प्लॅस्टिकही नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे घडवणे, आकार देणे.

माझी चूक शस्त्रक्रियेला उभी राहिले ही नव्हे. चूक झाली ती चोरून उभी राहिले ही.

घरी मी सांगितले की सांगलीला बहिणीकडे तीन आठवडे राहून येते. मुलगा नि सूनबाई दोघांनी स्टेशनवर पोहोचवायची तयारी दाखवली, तीही मी मोडून काढली. आणि गेले मुंबईला, एका उपनगरातील खाजगी दवाखान्यात. बरोबर शाळेतली एक जुनी मैत्रीण. दवाखान्याच्या कागदावर "जवळचे नातेवाईक" या रकान्यात मी तिचेच नाव घातले. दुसऱ्या एका रकान्यात, रोज कोणती औषधे घेता, असे विचारले होते. रक्तदाबाची गोळी लिहिली. पण गुडघ्यासाठी अधूनमधून घेते ती वेदनाशामक गोळी लिहिली नाही. ती काय औषध म्हणायची! अशा पुष्कळ गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो, हे मला नंतर कळले. शस्त्रक्रियेच्या सकाळी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असे बजावले होते, म्हणून रक्तदाबाची गोळीही मी आपल्या मताने चुकवली. एका घोटाबरोबर ती घ्यायची की नाही, हे मी विचारले नाही आणि तिथेही मला कोणी सांगितले नाही.

या शस्त्रक्रियेत काय करतात, ते थोडक्यात सांगते. कानशिलावरच्या केसांत सुरुवात करून कानापुढून खाली, पाळीला वळसा घालून कानामागे चीर घेतात. कातडी मोकळी करतात, आतला थर वर ओढून टाचतात आणि उरलेली जादा कातडी कापून टाके घालतात. पूर्वी नुसती कातडीच ओढून बसवीत. कातडीखालचा हा बळकट पापुद्रा १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी नीट वर्णन करून दाखवला. तेव्हापासून ताण त्या थरावर द्यायचा आणि कातडी सैल टेकवायची, असा रिवाज पडला. आपल्या शिवणवर्गातल्या मुलींना हे चटकन समजेल: वजन अस्तराने पेलावे, वरच्या कापडाने नव्हे.

दुपारी एकला शस्त्रक्रिया आटोपली. संध्याकाळी मैत्रीण घरी गेली. रात्री दहाच्या सुमाराला उजवा गाल ठणकू लागला. दोन्ही गाल थोडे दुखणार हे सांगितलेले होते. पण हे एकाच बाजूला होते, आणि घटकाघटकाला वाढत होते. पट्टीखाली कोणी चेंडू फुगवतो आहे असे वाटे. रात्रपाळीच्या मुलीने दुखणे थांबायची गोळी दिली. मी पुन्हा घंटा वाजवली, तिने पुन्हा समजूत घातली. डॉक्टर तिथे राहत नव्हते. शेवटी पहाटे चारला पट्टी सोडून पाहिली तेव्हा गाल दगडासारखा झाला होता आणि रक्तदाब दोनशेच्या घरात गेला होता. डॉक्टर आले, टाके काढले, आत साठलेल्या रक्ताच्या गुठळ्या बाहेर काढल्या.

कातडीखाली रक्त साठणे ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत अधिक आढळणारी गुंतागुंत आहे. बहुधा ती पहिल्या चोवीस तासांतच होते, आणि वाढलेला रक्तदाब हे तिचे एक मोठे कारण. वेळेवर रक्त काढले तर पुढे फारसे बिघडत नाही. उशीर झाला तर वरच्या कातडीला रक्तपुरवठा मिळत नाही आणि ती मरते. माझ्या बाबतीत सहा तास गेले.

त्या पहाटे परिचारिकेने विचारले, "घरचं कोण आहे?" मैत्रीण फोन उचलीत नव्हती, बिचारी झोपली होती. मग मी सूनबाईचा नंबर दिला. ती सकाळच्या गाडीने निघून अकराच्या सुमाराला आली. डोक्याभोवती पट्ट्या, एक डोळा सुजून मिटलेला, अशी मी पडले होते. वाटले, आता ही काय काय विचारील! ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आई, चहा घेतलात का?" पुढे कितीतरी दिवसांनी, पोळ्या लाटता लाटता एवढेच म्हणाली, "सांगितलं असतंत तर मी रजा काढली असती. रात्री मी असते ना तिथं." मैत्रिणींनो, त्या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. ती असती तर दहालाच आरडाओरडा करून तिने डॉक्टरांना बोलावून घेतले असते.

पट्ट्या निघाल्यावर नुकसानीचा हिशेब असा निघाला. उजव्या कानामागे रुपयाच्या नाण्याएवढी कातडी काळी पडली; ती खपली सुटून जखम भरायला सहा आठवडे लागले, आणि तिथे जाड, लाल, खाजरा वण उठला. उजव्या गालात सुपारीएवढी गाठ राहिली. डाव्या बाजूला, खालच्या ओठाला खाली ओढणारी जी बारीक नस जबड्याच्या कडेने जाते, ती दुखावली. हसले की उजवा ओठ खाली जाई आणि डावा जागेवरच राही. गंमत अशी की पाहणाऱ्याला धड असलेली उजवी बाजूच वाकडी वाटे. चहा पिताना थेंब ओघळे. उजव्या कानाची पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी झाली. आणि त्या कानाला स्पर्शच कळेना. कानाला संवेदना देणारी जी नस मानेवरून वर येते, ती या शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त वेळा दुखावते. ही गोष्ट मला पुस्तकातून कळण्याआधी माझ्या आईच्या कुडीने शिकवली. एके दिवशी बाजारातून घरी आले तर उजवा कान रिकामा. कुडी कुठे पडली, केव्हा पडली, कानाला पत्ताच नाही. ती सापडली नाही.

करोनाच्या दिवसांतली मुखपट्टी माझ्या उपयोगी पडली. दोन महिने मी घरातसुद्धा ती लावून बसे. नातू विचारी, "आजी, तुला करोना झालाय का?"

आता दुरुस्तीकडे येते, कारण जिन्यातल्या भगिनींचा खरा प्रश्न तोच होता. बिघडलेले पुन्हा नीट करून घ्यावे का, केव्हा, आणि कोणाकडून?

तिसऱ्या महिन्यात मी त्याच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "पुन्हा उघडून नीट करून देतो. या वेळी पैसे निम्मे." मी त्याच दिवशी तारीख घेऊन आले. मन इतके कातावले होते की उद्या या म्हणाले असते तरी गेले असते. या वेळी मात्र घरी सांगितले. सूनबाई म्हणाली, "करायचं तर करा. पण आधी आणखी एकाला दाखवू." तिने एका सरकारी रुग्णालयाच्या प्लॅस्टिक सर्जरी विभागात नेले. तीन तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. तिथल्या वयस्क बाई डॉक्टरांनी चेहरा चाचपून पाहिला, हसायला लावले, ओठ मुडपायला लावले, गाल फुगवायला लावले, कानाला कापूस लावून विचारले. मग म्हणाल्या, "आज काही करायचं नाही." मी विचारले, "म्हणजे उपाय नाही?" त्या म्हणाल्या, "काही न करणं हाच आजचा उपाय आहे. वर्षभर थांबा."

त्यांनी कारणेही समजावली. जखमेचा वण पहिले काही महिने लाल, टणक, फुगलेला असतो. तो पिकून मऊ आणि फिकट व्हायला वर्ष, कधी त्याहून अधिक लागते. तो कच्चा असताना पुन्हा चिरला तर नवा वण त्याहून वाईट होण्याची भीती. तुटून पुन्हा वाढणारी नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकते. नुसती ताणलेली वा चेपलेली असेल तर त्याआधीही जागी होते. ओठाची अशी दुर्बलता बहुतेकजणींत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप जाते. आतली सूज पूर्ण उतरल्याखेरीज कुठे किती कमी आणि कुठे किती जास्त, याचे मापच घेता येत नाही. मला आपल्या शिवणवर्गाच्या बाई आठवल्या. सुती कापड भिजवून आटवून घेतल्याशिवाय त्या कोणाला कात्री लावू देत नाहीत. आटायच्या आधी बेतलेला झंपर पहिल्या धुण्यात अंगाबाहेर जातो.

थांबण्याची ही गोष्ट जुनी आहे, आणि तिच्यातला एक धागा आपल्या पुण्याचा आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या पदरी असलेला कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागीर माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली. अर्वाचीन प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात ही हकिगत मानाने सांगतात. मला त्यातले ते वर्ष फार मोलाचे वाटते. नाकाशिवाय माणूस वर्षभर राहिला. मी वाकड्या ओठाने का राहू नये?

थांबायचे म्हणजे हात जोडून बसायचे नव्हे. करायला पुष्कळ होते. वणावर सिलिकॉनची पातळ पट्टी रोज बारा तासांहून अधिक, काही महिने. जखम पुरी भरल्यावर बोटाने हलके मर्दन. ऊन टाळायचे, म्हणजे वण काळवंडत नाही. कानामागच्या जाड वणात महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने ट्रायामसिनोलोन या औषधाची चार इंजेक्शने घेतली. त्याने वण बसला आणि खाजही थांबली. हे औषध प्रमाणाबाहेर गेले तर कातडी पातळ होऊन खळगा पडतो, म्हणून ते जाणत्या हातूनच घ्यावे. गालातली गाठ चोळून चोळून आठव्या महिन्यात विरली. ओठासाठी आरशापुढे बसून सावकाश हालचाली करायच्या, जोर करायचा नाही. या काळात फोटो काढून ठेवावेत, असेही डॉक्टरांनी सांगितले. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीजवळ, सूनबाई फोटो काढी. रोजच्या आरशात फरक कळत नाही. महिन्याच्या फोटोत कळतो. निराश झाले की ती मागचा फोटो काढून पुढ्यात धरी.

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता. त्याच दिवसापासून राज्यात मुखपट्टीची सक्ती उठली. मला वाटले, आता माझे झाकण गेले. गुढी उभारताना नातवाने काहीतरी वात्रटपणा केला आणि मी खदखदून हसले. सूनबाई एकदम म्हणाली, "आई, पुन्हा हसा!" डावा ओठ खाली उतरला होता. पुरता नव्हे, पण उतरला होता. पाचवा महिना चालू होता. निम्म्या पैशांत तिसऱ्या महिन्यात पुन्हा चेहरा उघडून घेतला असता, तर ही नस पुन्हा एकदा दुखावण्याचा धोका मी आपण होऊन पत्करला असता.

पुढल्या जानेवारीत, म्हणजे चौदाव्या महिन्यात, आम्ही पुन्हा त्या बाईंसमोर बसलो. ओठ सरळ झाला होता. कानाची जाणीव बरीचशी परतली होती. राहिले होते ते तीन प्रश्न: खाली ओढलेली पाळी, कानशिलावरचे थोडे विरळ झालेले केस, आणि पुन्हा किंचित सैल पडलेला गाल. त्यांनी सगळे मार्ग मोकळेपणाने मांडले. पाळी सोडवून पुन्हा गोल करता येते. लहान काम, जागा बधिर करून होते. केसांचे रोपण करता येते. ओठ सुधारला नसता तर धड बाजूच्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देऊन तो थोडा निजवतात आणि दोन्ही बाजू सारख्या दाखवतात. तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा द्यावे लागते. कुठे खळगा असता तर पोटाची चरबी काढून तिथे भरतात. तिच्यातली काही शरीर पुन्हा शोषून घेते. आणि दुसऱ्यांदा फेसलिफ्टही करता येतो. पण तेव्हा कातडी कमी शिल्लक असते, आतले थर वणांनी एकमेकांना चिकटलेले असतात आणि नसा शोधणे अवघड जाते. हे सर्व सांगून त्यांनी विचारले, "यातलं तुम्हांला काय बोचतं? मला दिसतं ते नव्हे, तुम्हांला बोचतं ते सांगा."

असा प्रश्न मला पहिल्या दवाखान्यात कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी क्षणभर विचार केला आणि सांगितले, "पाळी. कुडी नीट बसत नाही." बाई हसल्या. पाळी तेवढी करून घेतली. पाऊण तासात काम झाले, सातव्या दिवशी टाके निघाले. त्या वेळी बाहेरच्या बाकावर सूनबाई बसली होती, आणि कागदावर जवळचे नातेवाईक म्हणून तिचेच नाव होते. केसांचा भांग मी जरा सरकवून पाडते. गाल आहे तसा आहे. उसवले होते तेवढे शिवून घेतले. सगळा झंपर पुन्हा उसवला नाही.

काही भगिनी विचारतील, त्या पहिल्या डॉक्टरांवर दावा का केला नाहीत? मी सर्व कागदपत्रे मागवली. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. दवाखान्याने आधी टोलवाटोलवी केली, नियम दाखवल्यावर दिली. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही जाता येते. मी गेले नाही, याचे कारण औदार्य नव्हे. कागदात माझीही लपवाछपवी होती आणि ती मला ठाऊक होती. डॉक्टरांना मात्र सविस्तर पत्र लिहिले, की रात्री दाखल रुग्ण असताना निर्णय घेणारे माणूस तिथे हवे. त्याचे उत्तर आले नाही. पण ज्या भगिनीचे सर्व कागद स्वच्छ आहेत आणि जिच्यावर अन्याय झाला आहे, तिने गप्प बसू नये. कागद मात्र आधी मागून ठेवावेत.

आता जिन्यातल्या भगिनींसाठी, आणि न विचारणाऱ्या इतरजणींसाठी, चार शब्द. करणारा डॉक्टर एम. एस. नंतर प्लॅस्टिक सर्जरीची एम. सी. एच. किंवा तत्सम पदवी घेतलेला आहे का, ते विचारा. विचारण्यात अपमान नाही. रात्री तिथे कोण असेल आणि कोणत्या नंबरावर कोण उठेल, ते विचारा. रोजची, अधूनमधूनची, काढ्याची, चूर्णाची, सगळी औषधे सांगा आणि कोणते केव्हा थांबवायचे ते लिहून घ्या. सिगारेट ओढता का, असे विचारतात. आपण मानेने नाही म्हणतो आणि मिश्रीचे नाव काढीत नाही. तंबाखू कोणत्याही वाटेने गेली तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडी मरते. शस्त्रक्रियेनंतर एकाच बाजूला वाढणारे दुखणे आणि ताठर सूज म्हणजे घंटा वाजवायची, आणि कोणी येईपर्यंत वाजवीत राहायची. आणि बिघडलेच, तर दुसरे मत घेतल्याशिवाय दुसरी शस्त्रक्रिया नको. लाजेने आपण पहिली घाई करतो. त्याच लाजेने दुसरीही घाई करायला मन धावते, आणि ती अधिक महाग पडते.

हे सारे करून मी दहा वर्षांनी लहान दिसते का, असे तुम्ही मनात विचारीत असाल. पाच म्हणा, तीही उजव्या बाजूने. भाजीवाली आता "बरं नाही का" असे विचारीत नाही. पण त्याला कारण चेहरा की माझे हसणे, हे मला सांगता येणार नाही.

आमची एक कुडी हरवली ती हरवलीच. उरलेली मी सोनाराकडे नेली आणि तिच्या जोडीची दुसरी घडवून घेतली. जवळून पाहिले तर नवे मोती जुन्यांहून पांढरे दिसतात. सोनार म्हणाला, "वापरात येऊ द्या, दोन्ही सारखे होतील." आज त्या घालून आले आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना पाळी पाहायची असेल त्यांनी खुशाल पाहावी, आणि ज्यांना आणखी काही विचारायचे असेल त्यांनी कृपा करून जिन्यात विचारू नये. इथे, या खुर्चीवर बसून, सर्वांदेखत विचारावे.